पुरलेले विष उपसायचे कोणी?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची तपासणीची वेळ संपत आली होती. साठीच्या घरातले एक गृहस्थ आत आले, खुर्चीत बसले आणि पिशवीतून प्लॅस्टिकची एक बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. स्वतः आजारी नव्हते, घरातही कोणी आजारी नव्हते. "डॉक्टरसाहेब, हे आमच्या विहिरीचं पानी. वास घेऊन पाहा," म्हणाले.

मी वास घेतला. फिनाईलच्या जवळपासचा, किंचित गोडसर, नाकाला टोचणारा वास होता. पाणी दिसायला मात्र काचेसारखे स्वच्छ.

त्यांची हकिगत अशी. गावाच्या शिवारात मुरमाची एक जुनी खदान आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका कारखान्याचा टाकाऊ माल तेथे रात्री-बेरात्री येऊन पडत असे. पिंपे, पोती, काळा चिखल. मग कोणीतरी वरून मुरूम ओढला, त्यावर बाभळी उगवल्या, कारखाना बंद पडला आणि गाव ते सारे विसरून गेले. दोन पावसाळ्यांपासून खालच्या अंगाच्या विहिरीला वास येऊ लागला तेव्हा गावाला आठवण झाली. कारखान्याचे नाव मी येथे देत नाही. माझ्यापाशी पुरावा नाही आणि या लेखाला त्याची गरजही नाही.

उठता उठता त्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र माझा पिच्छा सोडीत नाही. "हे सारं उचलाले पैसे किती लागतीन? अन् देईन कोन?"

त्या दिवशी मी त्यांना फक्त डॉक्टरला शोभेल एवढेच उत्तर दिले. आजपासून ते पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, गाईगुरांनाही पाजू नका. त्यांनी विचारले, "उकळून प्यालं तर?" हा प्रश्न पुष्कळजण विचारतात म्हणून येथे सांगून टाकतो. उकळल्याने जंतू मरतात. कीटकनाशके, पारा, शिसे यांना उकळीची भीती नसते. उलट पाणी आटते आणि मागे राहिलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. काही रसायने उडून जातात हे खरे, पण ती स्वयंपाकघरातल्या हवेत जातात आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत उतरतात. तुरटी, क्लोरीनच्या गोळ्या यांचाही येथे उपयोग नाही.

पण पैशांच्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. ते शोधायला मी घरी जुनी कात्रणे काढून बसलो, आणि बसल्या बसल्या भोपाळला जाऊन पोचलो.

भोपाळचे राहिलेले दुखणे

भोपाळ म्हटले की आपल्याला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानची ती रात्र आठवते. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला आणि हजारो माणसे मेली. त्याबद्दल आजवर एवढे लिहिले गेले आहे की मी भर घालण्याची गरज नाही. पण त्या कारखान्याचे दुसरे एक दुखणे होते. ते अपघाताच्या पंधरा वर्षे आधीपासून चालू होते आणि अपघातानंतर चाळीस वर्षे चालू राहिले.

१९६९ साली हा कारखाना सुरू झाला. तेथे सेविन नावाचे कीटकनाशक बनत असे. आपल्याकडचे जुने कापूस-शेतकरी हे नाव ओळखतील. ते बनवताना जो गाळ, जी राळ, जी बिघडलेली खेप उरे, ती आवारातच खड्ड्यांमध्ये टाकली जाई. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला मोठी उथळ तळी बांधण्यात आली. सांडपाणी त्यात सोडायचे आणि उन्हाने आटू द्यायचे, अशी योजना. तळाशी प्लॅस्टिकचे अस्तर होते. हे अस्तर गळते आहे अशी काळजी १९८२ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत निरोपात व्यक्त झाली होती. ते कागद पुढे खटल्यांमधून बाहेर आले.

वायू दोन-चार दिवसांत वाऱ्यावर गेला. जमिनीत मुरलेले मात्र कोठे जाणार? ते पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरले आणि आसपासच्या वस्त्यांच्या हातपंपांत आले. अटल अय्यूब नगर, अन्नू नगर यांसारख्या गरीब वस्त्यांतल्या लोकांनी तेच पाणी वर्षानुवर्षे प्याले. शेवटी सरकारनेच काही हातपंपांना लाल रंग फासला, हे पाणी पिऊ नये म्हणून. पण लाल रंग फासून तहान भागत नाही. दुसरे पाणी जवळ नव्हते म्हणून बायका त्याच पंपावर जात राहिल्या. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना शुद्ध पाणी देण्याचा आदेश दिला, आणि नळाचे पाणी खऱ्या अर्थाने पोचायला त्यानंतरही कितीतरी वर्षे गेली. लखनौच्या विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासणीत पुढे दूषित भूजलाच्या वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

या विषांचे शरीरात काय होते? भोपाळच्या मातीत आणि पाण्यात पारा, सेविनचे अवशेष, क्लोरीनयुक्त विद्रावके आणि बीएचसीच्या कुळातली रसायने सापडली. यातले बीएचसी चरबीत साठते. साठते म्हणजे वर्षानुवर्षे राहते, आणि आईच्या अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जाते. पारा मज्जासंस्थेला आणि मूत्रपिंडाला सोडत नाही, आणि पोटातल्या गर्भाच्या मेंदूला तो सर्वांत वाईट. क्लोरीनयुक्त विद्रावके यकृतावर येतात, त्यांतल्या काहींचा कर्करोगाशी संबंध दिसलेला आहे.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. समोर बसलेल्या एखाद्या रुग्णाचे दुखणे याच पाण्यामुळे झाले, असे छातीठोकपणे सिद्ध करणे कोणत्याही डॉक्टरला फार कठीण जाते. त्याच माणसाने तंबाखू खाल्लेला असतो, शेतात फवारणी केलेली असते, भोपाळच्या बाबतीत वायूही हुंगलेला असतो. कंपन्यांचे वकील नेमका याचाच फायदा घेतात. म्हणून माझे मत असे की रोग सिद्ध होण्याची वाट बघूच नये. विष माणसापर्यंत पोचते आहे एवढे दिसले की कामाला लागावे.

आता सफाईची कथा ऐका.

२००४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात सफाईसाठी जनहित याचिका दाखल झाली. २००५ मध्ये आवारात उघड्यावर पडलेला कचरा गोळा करून पोत्यांत भरून एका शेडमध्ये ठेवण्यात आला. साधारण साडेतीनशे टन. भरलेल्या ट्रकांच्या हिशेबाने तीस-पस्तीस ट्रक. येथून पुढे वीस वर्षे सारा देश या तीस-पस्तीस ट्रकांभोवती फिरत राहिला.

आधी ठरले की गुजरातेत अंकलेश्वरला जाळावा. गुजरात सरकारने दिलेली संमती मागे घेतली. थोडा भाग, चाळीस टन चुनखडीचा गाळ, २००८ मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला नेऊन पुरला. मग २०११ मध्ये उरलेला कचरा आपल्याकडे, नागपूरजवळ बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संघटनेच्या भट्टीत जाळण्याचा आदेश निघाला. जुन्या वाचकांना आठवत असेल, त्या वेळी विदर्भात किती गदारोळ झाला. महाराष्ट्र शासनाने विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेले आणि तो बेत बारगळला. तेव्हा झालेल्या एका सभेला मीही हजर होतो आणि विरोधाच्या ठरावाला हात वर केला होता. ती भट्टी या कामाची नव्हती असे आजही मला वाटते. पण मग तो कचरा कोठे जावा, हा प्रश्न त्या सभेत एकानेही विचारला नाही. मीही विचारला नाही. आमच्या दारात नको, एवढ्यावर टाळ्या पडल्या आणि आम्ही जेवायला घरी गेलो.

२०१२ मध्ये जर्मनीच्या एका सरकारी संस्थेशी बोलणी झाली. विमानाने कचरा हाम्बुर्गकडे न्यायचा, तेथे जाळायचा, खर्च सुमारे २५ कोटी रुपये. तिकडच्या लोकांनी आरडाओरडा केला, काही झाल्यास जबाबदारी कोणाची यावर एकमत होईना, आणि सप्टेंबरमध्ये ती संस्थाही बाजूला झाली. २०१५ मध्ये पीथमपूरला दहा टन जाळून पाहिले. मग पुन्हा शांतता.

शेवटी मार्च २०२४ मध्ये केंद्राने १२६ कोटी रुपये दिले. तरी काम हलेना. ३ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे दुर्घटनेच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, उच्च न्यायालयाने चार आठवड्यांची मुदत घालून खडसावले. शंभराच्या आसपास कामगारांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या करून पोती भरली, कारण त्याहून अधिक वेळ आत राहू द्यायचे नव्हते. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद कंटेनर पोलिसांच्या बंदोबस्तात निघाले आणि पहाटे सुमारे अडीचशे किलोमीटरवर पीथमपूरला पोचले. तेथे लोक रस्त्यावर उतरले. दोघांनी अंगावर पेट घेण्याचा प्रयत्न केला. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना न्यायालयात गेली. भट्टीला लागूनच तारपुरा गाव आहे. तेथल्या लोकांना आपल्याला काही विचारलेच नाही याचा राग जास्त होता, आणि मला तो रास्त वाटतो. ज्याच्या अंगावर शस्त्रक्रिया करायची त्याची संमती घेतल्याशिवाय आम्ही साधे गळूही फोडीत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तीस टनांच्या तीन चाचण्या झाल्या, आणि जून २०२५ च्या अखेरीस उरलेले ३०७ टन जाळून संपले.

संपले का? जाळल्यावर राख कमी व्हावी अशी आपली समजूत असते. येथे विषारी वायू शोषायला चुना व इतर द्रव्ये मिसळावी लागतात, त्यामुळे ३३७ टनांची राख आणि अवशेष मिळून आठशे टनांहून अधिक झाले. ते कोठे पुरायचे यावरून पुन्हा न्यायालयात वाद झाला.

आता हिशेब करू. १२६ कोटींना ३३७ टनांनी भागले तर किलोमागे सुमारे ३,७०० रुपये पडतात. आणि त्या ३३७ टनांत होते काय? जवळजवळ निम्मा भाग, १६२ टन, तर आवारातली नुसती माती होती. बाकीचे सेविन-नॅप्थॉलचे अवशेष, अर्धवट बनलेली कीटकनाशके आणि संयंत्राच्या टाक्यांतला गाळ.

हे सगळे शेडमध्ये होते. पोत्यांत, छपराखाली. त्याने फारसे कोणाचे पाणी बिघडत नव्हते. ज्या मातीतून पाणी बिघडत होते ती माती छपराबाहेर होती. नागपूरच्या नीरी संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर २०१० मध्ये अंदाज काढला, तो ११ लाख टन दूषित मातीचा. ३३७ टन म्हणजे त्याच्या तीन हजारांतला एक भाग. किलोमागे ३,७०० रुपये हाच दर लावला तर ११ लाख टनांना चार लाख कोटींहून अधिक रुपये होतील. अर्थात इतकी माती कोणी भट्टीत जाळीत नाही, तिला दुसरे आणि बरेच स्वस्त उपाय आहेत. पण मला सांगायचे आहे ते हे की त्या उपायांसाठी १२६ कोटींत पैसा नव्हताच. पायाला गँगरीन झालेल्या रुग्णाच्या हातावरचा फोड आपण वीस वर्षे भांडून, सर्वांत महागडा सर्जन बोलावून कापला, असा हा प्रकार झाला.

बिल कोणाच्या नावाने?

मग खर्च ज्याने केले त्याच्याकडूनच का घेतला नाही? प्रयत्न झाले. १९८९ मध्ये कंपनीशी ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ती वायुपीडितांच्या भरपाईची होती. माती आणि पाण्याचा विचार तीत झाला नव्हता. पुढे १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने भारतीय शाखेतला आपला हिस्सा विकला. १९९८ मध्ये जमीन राज्य सरकारकडे परत आली, आतल्या कचऱ्यासकट. २००१ मध्ये डाऊ केमिकल या दुसऱ्या कंपनीने मूळ अमेरिकन कंपनीच विकत घेतली. २००५ मध्ये केंद्राच्या रसायन मंत्रालयाने डाऊने सफाईपोटी शंभर कोटी रुपये आगाऊ भरावेत अशी मागणी न्यायालयात केली. ही जबाबदारी आपली नाही, असे डाऊचे म्हणणे. २०१० मध्ये केंद्राने सात हजार कोटींहून अधिक वाढीव रकमेसाठी सर्वोच्च न्यायालयात फेरअर्ज केला, त्यात पर्यावरणाच्या हानीचाही समावेश होता. १४ मार्च २०२३ ला तो फेटाळला गेला. म्हणून १२६ कोटी तुमच्या-आमच्या करांतून गेले.

परदेशात वेगळे घडते का? आपल्याच देशात एक वेगळे उदाहरण आहे. तमिळनाडूत कोडाईकनालला थर्मामीटरचा कारखाना होता. त्याच्या पाऱ्याच्या कचऱ्याचे जवळजवळ २९० टन लोकांच्या रेट्यामुळे २००३ मध्ये जहाजाने अमेरिकेला परत पाठवावे लागले. कारण साधे होते. कारखान्याचा मालक तेव्हा जागेवर होता, गायब झालेला नव्हता.

अमेरिकेतली लव्ह कॅनालची हकिगत मात्र थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. नायगारा फॉल्स शहरात एक अर्धवट खोदलेला कालवा होता. हुकर नावाच्या रासायनिक कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात एकवीस हजार टनांच्या आसपास रासायनिक कचरा पुरला, वर चिकणमाती घातली आणि ती जमीन शाळा मंडळाला एक डॉलरला दिली. आत रसायने आहेत असे खरेदीखतात लिहिलेले होते. तरी मंडळाने तेथे शाळा बांधली, भोवती घरे उठली. सत्तरीच्या दशकात मोठा हिमवर्षाव आणि पाऊस झाल्यावर तळघरांत काळा चिकट द्रव पाझरू लागला, अंगणात गंजलेली पिंपे वर आली. लोइस गिब्ज नावाच्या एका गृहिणीने, जिचा मुलगा त्या शाळेत होता, घरोघर फिरून आजारांच्या नोंदी केल्या. ऑगस्ट १९७८ मध्ये राज्याच्या आरोग्य आयुक्तांनी आणीबाणी जाहीर केली. दोन वर्षांत नऊशेहून अधिक कुटुंबे हलवली गेली.

यातून डिसेंबर १९८० मध्ये एक कायदा झाला, त्याला सुपरफंड म्हणतात. त्याची युक्ती मला फार आवडते. सरकारने रसायने आणि खनिज तेलावर कर बसवून आधीच १६० कोटी डॉलरचा निधी उभारायला घेतला. कोठे विष सापडले की वाद घालत न बसता त्या निधीतून काम सुरू करायचे, आणि मग जबाबदार माणसाच्या मागे लागून वसुली करायची. रुग्ण आधी टेबलावर, बिल नंतर. जबाबदार कोण, याची व्याख्याही रुंद ठेवली: कचरा करणारा, जागेचा मालक, जागा निवडून कचरा वाहून नेणारा, कोणीही सुटत नाही. लव्ह कॅनालपोटी हुकरच्या वारस कंपनीने १९९४ मध्ये राज्याला ९.८ कोटी आणि १९९५ मध्ये केंद्र सरकारला १२.९ कोटी डॉलर भरले.

तेथेही सारे गोड नाही. १९९५ च्या अखेरीस त्या कराची मुदत संपली, निधी आटला, कामे रेंगाळली. तो कर पुन्हा बसायला २०२१ चा कायदा यावा लागला. आणि ऐकून आश्चर्य वाटेल, लव्ह कॅनालचा कचरा आजही तेथेच आहे. तो उचललाच नाही. वर चिकणमातीचा आणि प्लॅस्टिकचा जाड थर, भोवती खोल चर, चरात जमणारे विषारी पाणी उपसून शुद्ध करण्याची यंत्रणा, चहूबाजूंनी तपासणीच्या विहिरी. हे चालवायचे किती वर्षे? कायमचे. गाव साफ करायचे म्हणजे ट्रक भरून न्यायचे, ही आपली कल्पना त्यामुळे सुटते. बऱ्याच वेळा उचलण्यापेक्षा जागच्या जागी कोंडणे सुरक्षित असते, पण मग पहारा सोडता येत नाही आणि पहाऱ्याचाही पैसा पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवावा लागतो. मधुमेहाचेही असेच असते: गोळ्यांचा खर्च एका महिन्याचा धरून चालत नाही.

खदानीकडे परत

तर त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर काय? जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांसाठी नवे नियम अधिसूचित केले. ते वाचकांनी माहीत करून घ्यावेत, कारण त्यांची सुरुवात दिल्लीत होत नाही, जिल्ह्यात होते. अशा संशयित जागांची यादी स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी पुढे पाठवायची आहे. राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, मग तीन महिन्यांत सविस्तर तपासणी. १८९ घातक रसायनांपैकी एखादे मर्यादेबाहेर सापडले की ती जागा दूषित म्हणून जाहीर होते, तज्ज्ञ संस्था उपाययोजना ठरवते, आणि दोषी कोण हे ९० दिवसांत शोधायचे. सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही, किंवा त्याच्याकडे पैसा नाही, तर केंद्र आणि राज्य मिळून. हे सारे चांगले आहे. पण तपासाला जशा मुदती आहेत तशी प्रत्यक्ष सफाई पुरी करण्याला ठाम मुदत नाही, आणि हे नियम झाले तेव्हा देशात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या असताना काम सुरू झालेल्या जागा होत्या फक्त सात.

परवा मी त्या गृहस्थांना निरोप पाठवून बोलावले. आधी पाण्याच्या नमुन्याचे सांगितले. प्लॅस्टिकची बाटली चालणार नाही. प्लॅस्टिक काही रसायने शोषते आणि स्वतःची थोडी सोडतेही. काचेची गडद रंगाची बाटली, बूच घट्ट, पाणी काठोकाठ, आत हवेचा बुडबुडाही नको, कारण उडणारी रसायने त्या बुडबुड्यात निसटतात. बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. आणि प्रयोगशाळेत स्पष्ट सांगायचे की कीटकनाशके, विद्रावके आणि जड धातू तपासा. गावाच्या पाण्याची जी नेहमीची तपासणी होते तीत क्षार, नायट्रेट, फ्लोराईड, जंतू एवढेच पाहतात. ती 'पिण्यास योग्य' असा दाखला देऊन मोकळी होईल आणि तुमचा वास तसाच राहील.

मग अर्जाकडे वळलो. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने, प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला. खदानीचा गट नंबर, विहिरींचे अंतर, उताराची दिशा, कोणत्या वर्षी काय पडले, पिंपांचा रंग, पोत्यांवर काय छापले होते. रुग्णाची पूर्वपीठिका चांगली घेतली की निम्मे निदान होते, तसेच हे. तज्ज्ञ येतील तेव्हा शंभर ठिकाणी भोके पाडायची की दहा ठिकाणी, हे या माहितीवर ठरते, आणि एकेका भोकाला पैसा लागतो.

त्यांनी मुकाट्याने सारे सांगितले. मी लिहून घेत होतो. शेवटी विचारले, "माल कशात यायचा?"

"ट्रॅक्टरमंदी."

"कोणाच्या?"

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. मग म्हणाले, "आमच्याच. एका खेपेचे दोनशे रुपये भेटत होते. पोरगा चालवे." थोड्या वेळाने स्वतःच विचारले, "हे लिवा लागते का?"

मी सांगितले, कायद्याचे मला फारसे कळत नाही, वकिलाला जरूर विचारा, आणि तुमच्याविरुद्ध काहीच होणार नाही असे मी म्हणू शकत नाही. पण मोजक्या किती खेपा पडल्या, कोणत्या कोपऱ्यात आणि किती खोल, हे सांगू शकणारा माणूस गावात एकच आहे, तो तुमचा मुलगा. त्याच्या आठवणीशिवाय ती खदान म्हणजे डोळे बांधून केलेली शस्त्रक्रिया होईल.

अर्ज तसाच टेबलावर ठेवून ते गेले. काल सकाळी दवाखाना उघडायच्या आत ते दारात उभे होते, सोबत मुलगा. त्याने शाळेच्या वहीच्या कागदावर खदानीचा नकाशा काढून आणला होता. पूर्वेच्या कोपऱ्यात निळी पिंपे, मधे चिखल, बाभळीच्या खाली पोती. खेपांचा आकडा त्याने खोडून दोनदा लिहिला होता. पिशवीत औषधाची तपकिरी काचेची बाटली होती, घासून धुतलेली, बूच लावलेली.

बाटली मी त्याला परत दिली आणि विहिरीवर जाऊन भरायला सांगितले. बर्फ आमच्या कंपाउंडरने दिला.